खाणीच्या तोंडाशी स्नानगृह

बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. परंतु परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात 1971 पासून कोळसा जळत आहे, आणि कोळसा व राख अंगावर घेऊन घरी परतणारी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. म्हणून हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे.

खाण-कामगार पाळी संपवून वर येतो तेव्हा त्याच्या नाका-कानांत, डोळ्यांच्या कडांत कोळशाची भुकटी बसलेली असते. तसाच तो घरी गेला तर त्याची आंघोळ कोणाच्या माथी येते? पाणी भरणाऱ्या, तापविणाऱ्या, कपडे बडविणाऱ्या बाईच्या. इंग्लंडातही हेच होते. तेथे 1926 च्या कायद्याने कोळशाच्या रॉयल्टीवर कर बसवून खाणींवर स्नानगृहे बांधण्यास पैसा उभा केला. त्यांची रचना साधी असे: एका बाजूस मळके कपडे उतरवायचे, मध्ये फवाऱ्याखाली आंघोळ करायची, आणि पलीकडे आपल्या कपाटातील स्वच्छ कपडे घालून घरी जायचे.

आपल्याकडे हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कारकिर्दीत कायद्यात आला. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा क्षेत्रास भेट देऊन ते स्वतः खाणीत उतरले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण-कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. 1946 साली ‘कोल माइन्स पिटहेड बाथ रूल्स’ झाले आणि स्नानगृहाची जबाबदारी खाणमालकावर आली. 1927 साली महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांच्याच खात्याने मजुराच्या आंघोळीच्या पाण्याचा नियम केला, हे विद्यार्थ्यांनी एकत्र वाचावे.

कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्याच्या 42 व्या कलमाने हातपाय धुण्याची सोय सक्तीची केली. स्त्रियांसाठी ती वेगळी व आडोशाची हवी, असेही त्यात होते. 1970 च्या कायद्याने कंत्राटी मजुरासही ही सोय दिली. 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत आंघोळीची जागा व कपाटांची खोली यांचाही उल्लेख आहे, आणि कंत्राटी मजुरासाठी ही सोय मूळ मालकाने करायची आहे. “तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे” हे उत्तर त्यामुळे चालत नाही.

आता पाण्याचे. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. जेथे यंत्रालाच पाणी नाही तेथे मजुराच्या नळाचे काय, असे कोणी म्हणेल. पण कामावर न मिळालेली ती बादली घरी लागतेच, आणि ती टँकरपासून डोक्यावर वाहून आणते ती त्याची बायको किंवा शाळेत जाणारी मुलगी.