शालेय ग्रंथपाल : बदलती जबाबदारी

माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये आयोग नेमला. १९५३ च्या त्याच्या अहवालात शालेय ग्रंथालयांचे जे चित्र आले आहे, ते उत्साहवर्धक नव्हते. मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली जुनी पुस्तके, कुलूपबंद कपाटे, अपुऱ्या उजेडाची खोली आणि तिचा कारभार पाहणारा एखादा कारकून किंवा शिक्षक, असे त्याचे स्वरूप होते. प्रशिक्षित ग्रंथपालाची आवश्यकता आयोगाने त्याच वेळी प्रतिपादन केली. त्यानंतर शाळांची संख्या वाढली, इमारती उभ्या राहिल्या, ग्रंथसंग्रहातही भर पडली. परंतु कपाटाचे कुलूप सर्वत्र निघाले, असे म्हणता येत नाही.

कुलूप का टिकते?

याचे कारण केवळ अनास्थेत शोधणे योग्य ठरणार नाही. पुस्तक ही शाळेची मालमत्ता आहे. दाखल नोंदवहीत तिची नोंद असते आणि वार्षिक पडताळणीत प्रत्येक क्रमांकाचा हिशोब द्यावा लागतो. पुस्तक कमी भरले, तर विचारणा ग्रंथपालाकडे होते. हाताळून फाटलेल्या पुस्तकाचे स्पष्टीकरण मागितले जाते. वर्षानुवर्षे कोणीही न उघडलेल्या कोऱ्या पुस्तकाचे मात्र कोणी मागत नाही. अशा स्थितीत पुस्तके सांभाळून ठेवणे हेच आपले कर्तव्य, अशी ग्रंथपालाची समजूत झाली तर नवल नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र ग्रंथांच्या उपयोगाविषयी आहे, जतनाविषयी नव्हे. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देणे, हे त्यांनी ग्रंथपालाचे मुख्य कार्य मानले. त्याही आधी, १९१० पासून, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि फिरत्या पेट्यांमधून पुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचू लागली. वाचकाची वाट पाहत न बसता ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, ही दृष्टी त्यामागे होती.

नवे कार्य

आज विद्यार्थ्यापुढे माहितीचा तुटवडा नाही. निवडीचा प्रश्न आहे. भ्रमणध्वनीवर क्षणात शेकडो उत्तरे मिळतात. त्यांपैकी विश्वसनीय कोणते, हे मात्र तो सांगत नाही. समजा, आठवीच्या वर्गाला तालुक्यातील नद्यांविषयी प्रकल्प दिला आहे. ग्रंथपालाने मुलांना नकाशा, जिल्हा गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश यांची ओळख करून द्यावी. मजकूर कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिला, हे विचारावयास शिकवावे. दोन ठिकाणची माहिती ताडून पाहावयास लावावे. विश्वकोश आता संगणकावरही उपलब्ध आहे. येथे ग्रंथपाल अध्यापनात शिक्षकाचा सहकारी होतो. म्हणूनच वेळापत्रकातील ग्रंथालयाची तासिका ही गैरहजर शिक्षकाच्या जागी वर्ग सांभाळण्याची तासिका ठरू नये.

लहान शाळांचा प्रश्न

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके उपलब्ध असावीत, अशी तरतूद आहे. त्या अनुसूचीत स्वतंत्र ग्रंथपालाची तरतूद मात्र नाही. दोन शिक्षकी शाळेत हे काम शिक्षकालाच करावे लागते. तेथे वरच्या वर्गातील मुलांकडे पाळीपाळीने देवघेव नोंदवही सोपवावी. पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. गावात सार्वजनिक ग्रंथालय असल्यास त्याचे सहकार्य घ्यावे.

या कामी शाळा व्यवस्थापन समितीला बरेच काही करता येईल. शाळा विकास आराखड्यात ग्रंथालयाचा स्वतंत्र विचार व्हावा. समितीच्या बैठकीत पुस्तके किती आहेत, एवढेच न विचारता गेल्या महिन्यात किती पुस्तके घरी गेली, हेही विचारले जावे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी दाखल नोंदवहीबरोबर देवघेव नोंदवहीही पाहावी. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांचे निर्लेखन नियमानुसार व वेळेवर झाले, तर ग्रंथपालाच्या मनातील धास्ती कमी होईल.

ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, त्या घरातील मुलासाठी शाळेचे कपाट हेच एकमेव ग्रंथालय असते. त्याची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर विश्वास टाकणे आणि त्याच्याकडून वाचनाचा हिशोब मागणे, ही शाळेची आणि गावाची संयुक्त जबाबदारी आहे.