दिसतं ना रे?

आमच्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत ह्यांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं होतं. होमकुंड पेटलेलं, आणि धोंडांच्या, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या, हातातल्या रंगीत लोकर गुंफलेल्या वेताच्या काठ्या गर्दीच्या वर हलत होत्या. "मामा दिसला का रे?" मी विचारलं. "दिसला," म्हणाला आणि बोटही दाखवलं. मामा नेमका दुसऱ्या बाजूला होता. मला वाटलं, पोराला झोप आलीय.

शाळा सुरू झाल्यावर वहीत बाईंचा शेरा आला, 'फळ्यावरचं अर्धवट उतरवतो.' मी ओरडले, लक्ष कुठे असतं तुझं? टीव्हीला चिकटून बसला की दंडाला धरून मागे सरकवलं. डोळे बारीक करून बघायचा, ती मला वाईट खोड वाटली. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. डबा, कपडे, बस, ऑफिस या धांदलीत पोराचं 'दिसत नाही' हे आपल्याला 'ऐकत नाही' असंच वाटतं.

शेवटी डिचोलीला डोळे तपासून आणले. थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा. परत येताना बसमध्ये मी विचारलं, "सांगितलं का नाहीस रे?" तर म्हणाला, "सगळ्यांना असंच दिसतं ना?" वर्गात तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घ्यायचा. ते कळल्यावर चोरी पकडली गेल्यासारखा खाली बघत बसला. मला तो शेरा आठवला आणि काही बोलवेना.

त्या रात्री मी जागीच होते. कुकर लावताना पोर मध्ये नको म्हणून हातात मोबाईल कोणी दिला? मीच. तुम्हीही कधीतरी दिला असेल, आणि दमल्या जिवाला त्या वेळी दुसरं काही सुचत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जरा धीर आला. ह्यांना लहानपणापासून चष्मा आहे, म्हणजे थोडं रक्तातूनच आलेलं. डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा लांब वाढतो, मग लांबच्या वस्तूचं चित्र पडद्यावर पडायच्या ऐवजी अलीकडेच पडतं. वाढत्या वयात नंबर वाढतो तो यामुळे.

शेजारपाजारून सल्ले आलेच. चष्मा लावला की नंबर वाढतो, फक्त शाळेत घाल, थोडा कमी नंबरचा करून घे. मलाही ते पटत होतं, कारण इतक्या लहान नाकावर चष्मा बघवत नव्हता. पण कमी नंबर देऊन वाढ थांबत नाही. मलेशियात मुलांवर हे करून पाहिलं, तर उलट नंबर जास्तच वाढला. साधा चष्मा नंबर वाढवत नाही आणि रोखतही नाही, तो फक्त नीट दाखवतो. वाढीचा वेग कमी करणाऱ्या खास काचा आणि रात्री घालायचे अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब आता मिळतात. ते आपल्या मुलाला हवेत का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. काचा स्वस्त नाहीत, तेव्हा खर्च विचारायला लाजू नका. नंबर फार वाढला तर पुढे पडद्याला धोका असतो, म्हणून ही धडपड.

मला मात्र खरं भिडलं ते उन्हाचं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर सोडलं. तीन वर्षांनी नव्याने नंबर लागलेली मुलं त्या शाळांत शंभरात तीसेक होती, बाकीच्या शाळांत चाळीसेक. २०१५ साली हे छापून आलं. औषध नाही, खर्च नाही, नुसतं आभाळाखाली सोडायचं! एकदा लागलेला नंबर उन्हाने उतरत नाही. पण ज्यांना अजून लागलेला नाही, त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या लेकीसाठी, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आमची अख्खी मे महिन्याची सुट्टी काजूखाली बोंडू गोळा करण्यात जायची. आता शिरगावातही मुलं शाळेतून येतात ती सरळ ट्यूशनला. खाणीच्या ट्रकांच्या धास्तीने रस्त्यावर सायकल काढू देत नाही आणि जूनपासून पाऊस. दिवसाला दोन तास बाहेर काढा म्हणणं सोपं आहे, ते बसवायचं कुठे? आम्ही आता शाळेतून आल्यावरचं खाणं अंगणात देतो. ट्यूशन उशिराची करून घेतली, तेवढी काळोखाआधीची वेळ खेळायला मोकळी झाली. पाऊस उघडला की दोघांनाही बाहेर पिटाळते. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबच्या कितीतरी पट असतो. वाचताना वही डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर हवी, हे दहादा सांगते. अकराव्यांदा चिडते, आणि मग वाईट वाटतं.

माजघराच्या दाराच्या चौकटीवर आम्ही दोघा मुलांच्या उंचीच्या रेघा मारतो. आता दर सहा महिन्यांच्या तपासणीनंतर धाकट्याच्या रेघेशेजारी नंबरही लिहितो. परवाची रेघ त्याने स्वतःच ओढली. उंची तीन सेंटीमीटर वर, नंबर दीड. "पावच वाढला गो आई," म्हणाला, आणि चष्मा सदऱ्याला पुसून अंगणात पळाला.