विषारी रसायनांची बाधा आणि कायद्याचे संरक्षण
रायगड किनाऱ्यावरील ग्रामस्थ, मच्छीमार व कामगार यांच्यासाठी उपलब्ध मार्ग

भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर रायगडचा किनारा पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. १९७० नंतरच्या दशकांत तळोजे, पाताळगंगा, रोहे-धाटाव, नागोठणे, थळ आणि महाड या भागांत रासायनिक उद्योगांचा विस्तार झाला. त्यामुळे रोजगार वाढला. त्याचबरोबर नद्या, खाड्या आणि माणसे यांना नवा धोकाही निर्माण झाला. नागोठणे येथे ५ नोव्हेंबर १९९० रोजी वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल आणि कीटकनाशकांचे कंटेनर समुद्रात पडले व त्याची झळ उरण-अलिबागपर्यंतच्या किनाऱ्याला पोहोचली. अशा प्रसंगी बाधित व्यक्तीने कोणाकडे, किती मुदतीत आणि कोणत्या पुराव्यानिशी दाद मागावी, याची माहिती गावपातळीवर असणे अगत्याचे आहे.

जबाबदारीचे तत्त्व

दिल्लीतील एका कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये असा निर्णय दिला की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर त्यापासून होणाऱ्या हानीची संपूर्ण जबाबदारी राहील. आपण काळजी घेतली होती, हा बचाव त्याला करता येणार नाही. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार बाधितांवरून दूर झाला, हे या निर्णयाचे मोठे फलित होय. मात्र हानी झाली आणि ती त्या रसायनामुळेच झाली, हे दाखवून द्यावेच लागते.

अपघात झाल्यास

सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ अन्वये धोकादायक पदार्थ हाताळताना झालेल्या अपघातात कामगाराव्यतिरिक्त अन्य व्यक्तीचा मृत्यू झाला, तिला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तातडीचे साहाय्य मागता येते. अर्जाची मुदत अपघातापासून पाच वर्षांची आहे. मूळ अनुसूचीतील रकमा अल्प होत्या. मृत्यूसाठी ती २५,००० रुपये होती. तथापि, हे साहाय्य घेतल्याने अधिक भरपाई मागण्याचा हक्क बुडत नाही.

कारखान्यातील कामगाराचा मार्ग वेगळा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला त्या योजनेतून लाभ मिळतात. इतरांसाठी पूर्वी १९२३ चा भरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. व्यवसायजन्य रोगांनाही भरपाई मिळू शकते. दाव्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची असल्याने विलंब करू नये.

हरित न्यायाधिकरण

प्रदूषणाने बाधित झालेल्यांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० हा महत्त्वाचा आधार आहे. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे. भरपाई, मालमत्तेची पुनःस्थापना आणि पर्यावरणाची पुनःस्थापना यांसाठी, कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पर्यावरणविषयक इतर वादांसाठी ही मुदत केवळ सहा महिन्यांची आहे. दोन्ही बाबतींत पुरेसे कारण दाखविल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. बाधित व्यक्ती, मृताचे वारस, संघटना, तसेच स्थानिक प्राधिकरण यांनाही अर्ज करता येतो. भरपाईच्या अर्जाला मागणीच्या एक टक्का शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते माफ आहे. तळोजे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे कासाडी नदी दूषित झाल्याचे प्रकरण २०१८ च्या अशाच एका अर्जाने न्यायाधिकरणापुढे आले.

एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एम. व्ही. रॅक’ हे जहाज सुमारे ६०,००० टन कोळशासह मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले आणि त्यातील तेल गळू लागले. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला. ही रक्कम केंद्रीय नौवहन मंत्रालयाकडे भरावयाची होती. पर्यावरणाची भरपाई आणि एखाद्या मच्छीमाराच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दुसरी हवी असेल तर ती नावानिशी, हिशेबानिशी मागावी लागते.

पुरावा हाच पाया

मासे मेलेले दिसताच किंवा विहिरीच्या पाण्याला वास येताच तारीख व वेळ नोंदवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. भरतीच्या दोन-तीन फेऱ्यांत खाडीतील पुरावा वाहून जातो. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी विहित पद्धतीने घेतलेला व सीलबंद केलेला नमुना न्यायालयात अधिक उपयोगी पडतो. शेतीच्या नुकसानीचा पंचनामा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडून, करून घ्यावा. मच्छीमाराने नौकेची नोंदणी, सहकारी संस्थेचे सभासदत्व, मासळी विक्रीच्या पावत्या आणि डिझेल परताव्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. आजारी व्यक्तीने प्राथमिक आरोग्य केंद्रातील केसपेपर सांभाळावा व रसायनाशी आलेला संबंध त्यात नमूद करण्याची विनंती करावी. कारखान्याच्या संमतिपत्रातील अटी आणि तपासणी अहवाल माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात.

प्रदूषण चालूच असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ अन्वये उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी अलिबाग येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेल्या व्यक्ती यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळू शकते.

ग्रामपंचायतीने यासाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. शिक्षकांनी ती लिहिण्यास मदत करावी आणि ग्रामसभेत ती वेळोवेळी वाचली जावी. तारीखवार नोंदी, पोचपावत्या आणि पंचनामे हाती असतील, तर मुदत संपण्यापूर्वी दाद मागता येईल आणि गावाचे म्हणणे न्यायासनापुढे भक्कम आधारानिशी मांडता येईल.