पोहण्याचा गॉगल : काचेचा रंग कोणता घ्यावा?

महापालिकेच्या तलावात पोहायला शिकलेली आपली मुले-मुली पुढे समुद्रातल्या स्पर्धांना उतरतात. कोणी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर जाते, कोणी मुंबईत एलिफंटा ते गेटवे पोहण्याची तयारी करते. प्रवेश फी, गाडीभाडे, पोशाख असा खर्च होतो आणि गॉगलची पाळी शेवटी येते. मग तो फुटपाथवर घेतला जातो, आणि घेताना आपण म्हणतो, "ऊन फार असतं, काळाच दे." इथेच चूक होते.

काचेचा रंग आणि उन्हापासून डोळ्यांचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगामुळे फक्त डोळ्यांसमोरचा लख्ख उजेड कमी होतो. डोळ्यांना इजा करतात ते अतिनील किरण, आणि ते आपल्याला दिसतच नाहीत. ते अडवण्याचा गुण काचेच्या मूळ पदार्थात किंवा तिच्यावर दिलेल्या थरात असतो. (आपण काच म्हणतो, पण ते प्लॅस्टिकच असते.) चांगल्या पॉलिकार्बोनेटची पूर्ण पांढरी काचसुद्धा बहुतेक अतिनील किरण अडवते. उलट नुसता रंग मिसळलेली स्वस्त काळी काच घातली, तर अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवत नसेल तर ते जास्त आत शिरतात. म्हणून आधी पाकिटावर 'यूव्ही ४००' असे छापले आहे का ते पाहा. ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी, म्हणजे सगळे अतिनील किरण, ही काच अडवते असा त्याचा अर्थ. पाकीटच नसेल तर तो गॉगल खुल्या पाण्यासाठी घेऊ नये, असे माझे मत आहे.

पाण्यात असताना ऊन लागत नाही, असे अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. पातळ ढगांतूनही ते खाली येतात. एका दिवसात फार ऊन लागले तर काही तासांनी डोळे लाल होतात, पाणी येते, वाळू गेल्यासारखे खुपते. वर्षानुवर्षे लागले तर मोतीबिंदू लवकर होण्याचा आणि डोळ्यात मांस वाढण्याचा धोका असतो. उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांत आणि मच्छीमारांत हे मांस वाढलेले आपण पाहतोच. मुलांच्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग जास्त स्वच्छ असते, त्यामुळे किरण अधिक खोलवर जातात.

आता रंगाकडे येऊ. लख्ख दुपारी धुरकट, म्हणजे करडी काच बरी, कारण उजेड कमी होतो आणि रंग जसेच्या तसे दिसतात. आरशासारख्या चकचकीत काचेने तिरीप आणखी कमी होते, मात्र तिच्यावर ओरखडे लवकर पडतात. ढगाळ हवेत किंवा पहाटे पिवळसर-नारिंगी काच घ्यावी. ती निळसर उजेड गाळते, म्हणून वस्तूंच्या कडा उठून दिसतात आणि निळ्या-करड्या पाण्यावरचा नारिंगी फुगा लवकर सापडतो.

पण दिशेचाही विचार करायला हवा, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. चिवला किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीमागे असतो, परत किनाऱ्याकडे वळलात की तोच तोंडावर येतो. जाताना पांढऱ्या काचेतून छान दिसते, आणि येताना मान वर काढली की नुसता झगमगाट. अशा ठिकाणी मध्यम धुरकट काच दोन्ही वेळा चालते. एलिफंट्याहून गेटवेकडे येताना मात्र सकाळचे ऊन पाठीवर असते, तिथे फार गडद काचेची गरज नाही. शिवाय मुंबई बंदराचे पाणी गढूळ. गढूळ पाण्यात काळी काच म्हणजे अंधारात चाचपडणे. दोर, तरंगता कचरा, शेजारच्या पोहणाऱ्याचा पाय काहीच दिसत नाही. नदीत किंवा गावच्या तळ्यात तर बुडालेला दगड किंवा खुंट डोक्याला लागू शकतो. तिथे पांढरी किंवा अगदी फिकी काचच घ्या.

दुकानदार 'पोलराइज्ड' काच दाखवील आणि किंमत बरीच जास्त सांगेल. पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी ती खरोखर कमी करते. पण श्वास घ्यायला मान आडवी केली की काचही आडवी होते आणि तो गुण त्या क्षणी बराच कमी होतो. समोर पाहताना तिचा फायदा मिळतो. लांब पल्ल्याच्या जलतरणपटूने घ्यावी, शिकाऊ मुलासाठी तेवढे पैसे घालू नयेत. एकच गॉगल परवडत असेल, तर यूव्ही ४०० लिहिलेला, फिकट धुरकट घ्या. सकाळी आणि दुपारी दोन्हीकडे तो निभावतो.

दुकानात पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलका दाबून पाहा. क्षणभर चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. मूल चष्मा लावत असेल तर नंबरचे पोहण्याचे गॉगलही मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात जाऊ नये, कारण पाण्यातील जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. आणि कोणताही गॉगल घातला तरी थेट सूर्याकडे पाहायचे नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

वस्तीत एकच गॉगल चार-पाच मुलांत फिरतो. एकाचे डोळे आले असतील तर तो गॉगल इतरांना देऊ नका. त्या मुलालाही डोळे बरे होईपर्यंत पाण्यात उतरू देऊ नका. पोहून आल्यावर गॉगल साध्या गोड्या पाण्याने धुवावा, आतून बोटाने किंवा फडक्याने घासू नये, कारण वाफ न धरण्यासाठी दिलेला थर निघून जातो. वाळवायचा तो सावलीत.