संगणकावरचा अंबाडा : काही दोष व त्यांचे उपाय
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकावर माणसाची आकृती घडविणाऱ्यास मोकळ्या केसांपेक्षा बांधलेले केस अधिक छळतात. मोकळे केस थोडे चुकले तरी खपून जाते. बांधलेल्या केसांत मात्र केस कुठून निघाला आणि कुठे गेला, हे पाहणाऱ्यास लगेच कळते. गेल्या दिवाळीच्या सुटीत विचुंब्यास घरी मी ब्लेंडर या विनामूल्य प्रणालीत नऊवारी नेसलेल्या एका वृद्धेची आकृती करावयास घेतली. चेहरा आठवड्यात झाला. अंबाड्याने महिना खाल्ला. तयार केशरचनांच्या ज्या संग्रहांत मी शोधले, तेथे शेपटी होती, आपल्या आज्यांचा अंबाडा नव्हता. तेव्हा तो स्वतःच करणे भाग पडले. त्यातून जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. संगणकावर प्रत्येक केस कोणी हाताने काढीत नाही. थोडे मार्गदर्शक केस वळवायचे. मधले केस प्रणाली भरते. 'ब्रेव्ह' (२०१२) या चित्रपटातील मेरिडाचे एक लाखावर केस सुमारे दीड हजार मार्गदर्शक केसांवरून निर्माण केले होते. म्हणून दोष दिसला की तो आधी मार्गदर्शक केसांत शोधावा.

१. भांग विसकटणे : भांगाच्या दोन बाजूंचे केस विरुद्ध दिशांना जातात. प्रणाली दोहोंची सरासरी काढते आणि मधले केस उभे राहतात किंवा भांग ओलांडतात. दोन्ही बाजूंचे गट वेगळे ठेवावेत व भांगाच्या कडेने मार्गदर्शक केस दाट लावावेत.

२. केस कवटीत शिरणे : डोके गोल असते, पण केसावरील दोन बिंदूंमधली रेघ सरळ असते. बिंदू कमी असले की ती रेघ कवटीतून जाते. बिंदू वाढवावेत. सगळे केसच वर उचलले तर शिरस्त्राण घातल्यासारखे दिसते.

३. गाठीशी टोक येणे : मी सारे केस एकाच बिंदूवर आणले होते. हिशेब करून पाहिला. डोक्यावर साधारण एक लाख केस आणि केसाची जाडी ०.०७ मिलिमीटर धरली, तर सर्व केसांचा मिळून छेद जवळजवळ ४ चौरस सेंटीमीटर होतो. मधली हवा धरता जुडी सुमारे अडीच सेंटीमीटर जाडीची होते. तेव्हा केस बिंदूवर नव्हे, एवढ्या वर्तुळात पसरून संपवावेत.

४. मानेवरचा टोपाचा भास : तेथील केस मुळापासूनच वर वळलेले हवेत, आधी खाली सोडून मग वळवू नयेत. कपाळ, कानशिले व मान यांच्या कडेला विरळ, आखूड, बारीक केस ठेवावेत.

५. प्रत्यक्ष अंबाडा : तेच केस पुढे वळवून अंबाडा करण्याचा माझा हट्ट होता. अखेर आजीला विचारले. तिने केस सोडले, मागे ओढून मुठीत धरले, पीळ दिला, गुंडाळले आणि टोक आत खोचले. म्हणाली, "डोईवरचे केस हे एक काम, अंबाडा हे दुसरं. दोन्ही एकदम करशील तर दोन्ही बिघडतील." त्याप्रमाणे पीळ दिलेला दोर वेगळा केला, गुंडाळला आणि जोड अंबाड्याखाली लपविला. महिन्याचे काम दोन दिवसांत मार्गी लागले.

बांधलेल्या केसांचा विचार थोरांनीही केला आहे. शेपटीचा आकार कशाने ठरतो, यावरील संशोधनास २०१२ मध्ये भौतिकशास्त्राचे इग-नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच जिल्ह्यातील घारापुरीच्या शिल्पकारांनी शिवाचा जटामुकुट घडविला, तोही केस मोजून नव्हे, बटांची दिशा धरून.

आकृती पूर्ण झाल्यावर आजीला दाखविली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "गाठ सैल आहे." मी पुन्हा पाहिले. खरोखरच सैल होती. ज्यांनी कधी संगणकास हात लावला नाही, त्यांच्या हातांत या विषयाचे अर्धे ज्ञान आहे. ते विचारून घेण्यास आपण उशीर करू नये.