ताजी पालेभाजी

चैत्रातील पहाट. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद गावच्या एका मळ्यात मेथी व कोथिंबीर उपटण्याचे काम चालू आहे. जुड्या बांधून, टोपलीत रचून माल बाजारात जातो. सकाळी त्याला चांगला भाव मिळतो. परंतु ऊन तापले की पाने माना टाकतात आणि तीच जुडी निम्म्या भावातही कोणी घेत नाही. महिनाभराचे श्रम चार-पाच तासांत वाया जातात. असे का होते?

उपटलेली भाजी निर्जीव असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. मुळापासून तुटलेले पानही काही काळ जिवंत असते व श्वसन करीत असते. पानावर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. रोप जमिनीत असताना ही तूट मुळे भरून काढतात. उपटल्यावर मात्र खर्च चालू राहतो आणि आवक बंद पडते. पेशींतील पाणी उणे झाले की पान मलूल होते. हवा जितकी उष्ण व कोरडी, तितका हा खर्च अधिक.

म्हणूनच भाजी ऊन चढण्यापूर्वी काढावी, सावलीत ठेवावी व ओलसर गोणपाटाने झाकावी. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यातील पाने आतून तापतात, म्हणून जुड्या लहान व सैल असाव्यात. घरी आणल्यावर पिवळी पाने निवडून टाकावीत. कोथिंबिरीची मुळे पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवावीत. पाने मात्र चिंब ठेवू नयेत, कारण त्यांवर सूक्ष्मजंतू वाढून भाजी सडते. धुतलेली पाने निथळून सुती कापडात गुंडाळावीत. पिकलेल्या केळ्यांजवळ पालेभाजी ठेवू नये. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात.

वीज नसतानाही भाजीला थंडावा देता येतो. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून आतील पाणी गार राहते. याच तत्त्वावर १९८० च्या दशकाच्या आरंभी नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार करण्यात आला. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर पोकळी, पोकळीत वाळू आणि वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण, एवढीच त्याची रचना. हा कक्ष छपराच्या सावलीत बांधून वाळू रोज दोन वेळा भिजवितात. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. एका दिवसात सुकणारी पालेभाजी त्यात दोन-तीन दिवस टवटवीत राहते. पानाला सुकविणारी कोरडी हवाच येथे त्याची राखण करते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने या कक्षाचा फारसा उपयोग होत नाही.

मराठवाड्यातील गृहिणी आणखी एक मार्ग जाणतात. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून त्या वाळवितात व पुढे अनेक महिने त्याची भाजी करतात. पाणीच उरले नाही, म्हणजे सूक्ष्मजंतूही वाढत नाहीत.

बाजारात सायंकाळी उरलेली जुडी शीतकक्षात ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही तिला गिऱ्हाईक मिळते आणि ती पिकविणाऱ्याच्या श्रमांचे मोल राहते.

स्वाध्याय

१. उपटलेले पान मलूल का होते?
२. माठ व शीतकक्ष यांतील साम्य सांगा.
३. कोथिंबिरीची एक जुडी ओल्या कापडात व दुसरी उघडी ठेवा. दुसऱ्या दिवशी दोहोंत दिसणारा फरक लिहा.