वाहणारा कान अंगवळणी पाडू नका



मागच्या महिन्यात कुंभार पिंपळगावच्या एका गटात बचत गोळा करून झाल्यावर मी सहज विचारलं, "घरात कुणाचा कान वाहतो का?" आधी कुणीच बोललं नाही. मग दाराशी बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "माझा लहानपणापासून फुटतो. पण दुखत नाही. थोडंच येतं, वास येतो तेवढा." या ताई बैठकीत फारसं बोलत नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना रस नाही. खरं म्हणजे त्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं.

दुखत नाही, थोडंच येतं, वास येतो. म्हणून त्या निश्चिंत होत्या आणि म्हणूनच मला काळजी वाटली. का, ते समजून घेऊ.

कानाच्या आत पातळ पडदा असतो. त्याच्या मागे छोटी पोकळी आणि तीन इवलीशी हाडं. या पोकळीत हवा येते ती नाकाच्या मागून येणाऱ्या नळीतून. डॉक्टर तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. ऊसतोडीला जाताना गाडी घाट चढते, कान बंद होतात आणि आवंढा गिळला की 'टक्' करून मोकळे होतात ना? ते काम या नळीचं. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी लगेच कानात उतरते. बाळाला पाजताना डोकं जरा उंच धरा असं आशाताई सांगतात, ते यासाठीही.

सर्दीचा पू साठून पडद्याला भोक पडलं आणि ते भरलं नाही, की कान वरचेवर वाहतो. पातळ, भरपूर, बिनवासाचं पाणी येतं. हा प्रकार त्रासाचा, पण त्यामानाने कमी धोक्याचा.

दुसरा प्रकार वेगळा. नळी नीट उघडत नसली की आत हवा कमी पडते आणि पडदा आत ओढला जातो. तिथे खोबण होते, तिच्यात कातडीचा कोंडा साठत जातो. हा गोळा वाढत वाढत शेजारचं हाड खातो. स्राव थोडाच असतो, पण घाण वास येतो, कधी रक्तही दिसतं. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. पुढे तोंड वाकडं होणं, गरगरणं, कानामागे सूज येणं, मेंदूपर्यंत पू जाणं, इथपर्यंत मजल जाते. अशी लक्षणं दिसली किंवा वाहत्या कानासोबत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ऑपरेशनचं. पडद्याला भोक असेल तर कानाच्या वरच्या भागातलं स्नायूवरचं पातळ आवरण काढून दुर्बिणीखाली त्याचं ठिगळ लावतात. आपण फाटक्या लुगड्याला आतून ठिगळ लावतो तसंच. बहुतेकांचं ते धरतं. गोळा असेल तर कानामागचं हाड कोरून तो साफ करावा लागतो. इथे पहिलं काम कान कोरडा आणि सुरक्षित करण्याचं, ऐकू येण्याचं नंतर. हे आधीच समजून घ्या, नाहीतर "पैसा गेला, ऐकू काही येईना" असं होतं. लहान मुलांच्या कानात नुसतं चिकट पाणी साठलं असेल आणि औषधाने, वाट पाहून ते गेलं नाही, तर पडद्यात बारीक नळी बसवतात. ती बहुधा काही महिन्यांनी आपोआप गळून पडते.

तोवर कानात कोमट तेल, पाल्याचा रस, काडी, पिन काहीही घालू नका. सासूबाई रागावल्या तरी चालेल! अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा. तळ्या-विहिरीत पोहणं बंद.

आधी घनसावंगीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून चिठ्ठी घेऊन जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. हे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तिथे होईल का, हे त्यांना आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. शाळा-अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांना मुलाचा कान आवर्जून दाखवा. जाण्यायेण्याला, चाचणीला पैसे कमी पडले तर गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजू नका. आपण लग्नाला देतोच की.

एक गोष्ट मात्र तारखेची आहे. ऑपरेशननंतर काही आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. पुन्हा पुन्हा तपासायलाही जावं लागतं आणि हाड कोरलं असेल तर वर्षानुवर्षं. डोक्यावर मोळी घेऊन फडात हे जमत नाही. म्हणून मुकादमाची उचल घेण्याआधी कानाचं ठरवा.

त्या ताईंची ऐकण्याची चाचणी आणि कानाचा सीटी स्कॅन झालाय. ऑपरेशन लागणार आहे. यंदा त्यांचे मालक दुसऱ्या जोडीदारासोबत तोडीला जातील, ताई घरी राहतील. गटाने त्यांचे तीन हप्ते पुढे ढकललेत. पुढच्या बैठकीपासून त्या अध्यक्षांच्या शेजारी बसणार आहेत, चांगला कान आत करून.

तुमच्या गटात दाराशी कोण बसतं?

— तुमची क्षेत्र समन्वयक